सुन्न सरांची अ‍ॅलर्जी

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर बधिर करायची औषधं शिकवली आणि स्वतःच्या तोंडात त्यातला एक थेंबही जाऊ दिला नाही. मला त्याची अ‍ॅलर्जी आहे, असं ते सांगत. आणि असं ठणकावून सांगत, की समोरच्याने पुढे काही विचारायची सोयच नाही. मी दातांची डॉक्टर. वर घर, खाली माझा दवाखाना, मधे एक जिना. सगळी गल्ली माझ्या खुर्चीत तोंड वासून पडून गेली. बाबा मात्र रोज खाली यायचे, बाकावर बसून पेपर वाचायचे आणि माझ्या खुर्चीकडे असं बघायचे, जणू ती चावणार आहे.

ते औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. पोरं त्यांना ‘सुन्न सर’ म्हणायची. एक तर विषय तो, आणि दुसरं म्हणजे जेवणानंतरच्या तासाला अख्खा वर्ग सुन्न व्हायचा. मीही त्याच वर्गातली. पुढे त्यांच्या घरात सून म्हणून आले ती त्यांच्या मुलाच्या प्रेमात पडून. सरांवर माझा रागच होता, कारण त्यांनी मला तोंडी परीक्षेत नापास केलं होतं.

ती परीक्षा मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. सर म्हणाले होते, “समजा, मी तुझा पेशंट. मी सांगतो, मला या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी आहे. काय करशील?” मी त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, “नेमकं काय झालं होतं तुम्हाला?” सर लालबुंद झाले. रुमाल काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, “बाहेर जा.” झालं! पुन्हा परीक्षेला बसले तेव्हा तोच प्रश्न आला. मी मुकाट्याने “औषध बदलीन” म्हणाले आणि सुटले. पण पहिल्या उत्तरात माझं काय चुकलं, ते मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याने मला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा बाबांनी चष्म्यावरून बघून म्हटलं होतं, “हिला मी ओळखतो. ही नापास झाली होती.” सासूबाई पटकन म्हणाल्या, “म्हणजे तुमचं ऐकत नाही. मला आवडली.” तेव्हापासून आई आणि मी एका पक्षात.

तर झालं काय, की बाबांची उजवीकडची खालची दाढ मुळापासून सडली. गाल इतका सुजला की एका बाजूला पेरू दडवल्यासारखा दिसायला लागला. गोळ्यांनी ताप उतरला, सूज बरीच ओसरली, पण दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सूप पिताना माणूस डोळे घट्ट मिटून घ्यायचा. मी म्हटलं, “बाबा, खाली चला. थेंबभर औषधाचं काम आहे.”

“मला अ‍ॅलर्जी आहे.”

“मग करायचं काय?”

“मोठ्या हॉस्पिटलात जाईन. पूर्ण भूल घेईन. झोपेत काढा म्हणावं.”

आता बाबांची छाती म्हणजे जुना भाता. जिना चढून आले की दारातल्या खुर्चीवर बसून दम घ्यायचे आणि आम्हाला सांगायचे की बुटाची नाडी सोडतोय. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांची छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं. “हट्टच असेल तर देईन,” त्या म्हणाल्या, “पण या फुप्फुसांना भुलेतून बाहेर काढताना माझ्या तोंडचं पाणी पळेल. एका दाढेसाठी कशाला हा जुगार? जागेवरच बधिर करा ना!” मी अ‍ॅलर्जीचं सांगितलं. त्यांनी उसासा टाकला आणि सोमवारची तारीख दिली.

आईंनी ते ऐकलं आणि त्यांची अन्नावरची वासना उडाली. एरवी ही बाई कशालाही घाबरणारी नाही. शनिवारी दुपारी त्या खाली आल्या, माझ्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला भीती वाटते गं. हे गेले आणि उठलेच नाहीत तर?” मलाही वाटत होती. मी तसं सांगितलं.

“ही अ‍ॅलर्जी तरी खरी आहे का हो, आई?”

“ह्यांना दुधी भोपळ्याची अ‍ॅलर्जी आहे,” आई म्हणाल्या. “पहाटेच्या फिरण्याची आहे. माझ्या भावाची तर फारच आहे. तो आला की अंग दुखतं.”

“तुम्हाला काहीतरी ठाऊक आहे.”

“मला काही ठाऊक नाही. आणि असलं तरी मी सांगणार नाही. बायकोने उघडं पाडलं तर हे हट्टाने सोमवारी चालत हॉस्पिटलात जातील. त्यांच्याच तोंडून निघायला हवं.”

“आणि ते कसं निघणार?”

आईंच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. “चुकीचं बोल,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्यासमोर कोणी चुकीचं बोललं की ह्यांना राहवत नाही. मी सगळा संसार असाच केला. नळ दुरुस्त करून हवा असला की म्हणायचं, हा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. की हे पाना घेऊन हजर! तू त्यांच्या विषयातलं बोल. असं चुकीचं बोल, की अंगाचा तिळपापड झाला पाहिजे.”

अहाहा! इतकी वर्षं ज्याची वाट बघत होते ते काम मला चक्क सासूने सोपवलं होतं. मी खालच्या जबड्याचा प्लॅस्टिकचा सांगाडा कपाटातून काढला आणि मुद्दाम खुर्चीच्या ट्रेवर, अगदी पलीकडच्या टोकाला ठेवला. खुर्चीत बसल्याशिवाय हात पोचू नये, अशा बेताने.

चहानंतर बाबा खाली आले, गालाला रुमाल लावून बाकावर टेकले, पेपर उघडला. पेशंट कोणी नव्हता. आई हातात फडकं घेऊन बेसिन पुसत होत्या. ते बेसिन आधीच लखलखत होतं.

“आई,” मी मोठ्याने सुरू केलं, “हे बधिर करायचं औषध काम कसं करतं, सांगू? ते नसेला बाहेरून चिकटतं आणि तिला बर्फासारखं गोठवतं.”

“अगं बाई! गोठवतं?”

पेपर जरासा हलला.

“हो ना. म्हणून तर मग ओठ गार पडतो.”

पेपर खाली आला. “कोणी शिकवलं तुला हे?”

“तुम्हीच, बाबा.”

“मी?” बाबा उठले. मला वाटलं, चष्माच फेकून मारतात. “मी हे शिकवलं? गोठवतं? इकडे आण तो जबडा!” मी हातमोजे शोधण्याचं नाटक करत बसले. बाबा स्वतःच ट्रेकडे गेले, हात पुरेना म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकले, मग सरकत सरकत चांगले आत बसले. आईंनी माझ्याकडे बघितलं नाही, पण फडकं क्षणभर थांबलं.

“हे बघ,” बाबा जबडा पुढे धरून म्हणाले. सुजलेल्या गालामुळे बोलणं फुगल्यासारखं येत होतं, पण आवाज वर्गातलाच. “नसेच्या भिंतीला बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत धावतं आणि दुखल्याची बातमी पुढे जाते. आता आपलं औषध. त्याच्या डोक्यावर विद्युतभाराचं बोचकं असतं. बोचकं घेऊन ते भिंतीतून जाऊ शकत नाही. म्हणून बोचकं बाहेर टाकतं, मोकळं आत शिरतं, आत गेल्यावर पुन्हा बोचकं डोक्यावर घेतं आणि आतल्या बाजूने दारात ठाण मांडतं. दार बंद, बातमी बंद. आतून! बाहेरून नाही!”

खरं सांगते, त्यांनी वर्गात हे असं शिकवलं असतं तर कोणी झोपलं नसतं.

“पण पू झालेल्या दाढेला ते लागू पडत नाही ना?” मी म्हटलं.

“नाहीच पडत. पुवाच्या जागी सगळं आम्ल. तिथे औषधाला बोचकं टाकताच येत नाही. बसतं भिंतीबाहेर ताटकळत. म्हणून तर म्हणतो, माझ्या दाढेपुढे तुझी सुई काही कामाची नाही.”

“बरोबर आहे, बाबा. मग पूर्ण भुलेवाचून इलाजच नाही.” मी मान खाली घातली. गरीब गाय.

“इलाज नाही? काय मूर्खासारखं बोलतेस!” बाबांनी जबड्याच्या मागच्या बाजूला बोट टोचलं. “नस येते कुठून? इथून, मागून! पू इथे पुढे, तर सुई तिकडे मागे द्यायची, जिथे मांस चांगलं आहे. रस्ता मागेच अडवायचा. एवढं साधं तुला...”

ते थांबले. आपण कुठे बसलोय ते त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीच्या हातावरचा त्यांचा हात पटकन वर झाला, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा.

आई खोकल्या.

“ते ठीक आहे,” बाबा सावरून म्हणाले. “पण मला अ‍ॅलर्जी आहे.” आणि जिंकल्यासारखे आमच्याकडे बघायला लागले.

मी दीर्घ श्वास घेतला. “मग औषध बदलीन.”

“कशाने? कुठल्या आधारावर?” बाबा तडकले. “पेशंट म्हणतो अ‍ॅलर्जी आणि तू लगेच औषध बदलणार? हे काय उत्तर झालं?”

“याच उत्तरावर तुम्ही मला पास केलंत, बाबा. दुसऱ्या वेळी.”

 बाबांची मला कीव आली, शप्पथ. एका बाजूला त्यांची सगळी लपवाछपवी आणि दुसऱ्या बाजूला एक धडधडीत चुकीचं उत्तर. दोन्ही त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबकळत होती. आणि आई म्हणाल्या होत्या तसंच झालं. त्यांना राहवलं नाही.

“चुकीचं आहे ते,” बाबा पुटपुटले. “या औषधाची खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. लोक कशालाही अ‍ॅलर्जी म्हणतात. आधी पेशंटला विचारायचं...”

“काय विचारायचं?”

बाबांनी हातातला जबडा उलटसुलट करून बघितला. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“नेमकं काय झालं होतं, ते,” बाबा म्हणाले.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. “नेमकं काय झालं होतं तुम्हाला?”

“त्या काळी बाटलीत औषध टिकावं म्हणून काहीबाही घालायचे. त्याची असेल अ‍ॅलर्जी.”

“अंगावर पुरळ आलं होतं?”

“नाही.”

“ओठ सुजले? श्वास कोंडला?”

“छातीत धडधडलं. खूप धडधडलं.”

“ते औषधातल्या अ‍ॅड्रेनलिनने होतं. सुई रक्तवाहिनीत गेली की जास्त होतं. तुमच्याच तासाला शिकले. सुई कितीशी आत गेली होती?”

बाबांनी आईंकडे बघितलं. आई नळाची तोटी पुसण्यात बुडून गेल्या होत्या. बाबांनी जबडा मांडीवर ठेवला, त्याचे दात बोटाने एकेक करून चाचपले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “लागलीच नव्हती.”

“काय?”

“सुई. लागलीच नव्हती. त्याच्या हातात बघितली आणि मी खाली कोसळलो. तेव्हा नुकताच शिकवायला लागलो होतो. दात काढणाराही आमच्याच कॉलेजातला, आणि भोवती विद्यार्थी. डोळे उघडले तर सगळे वाकून बघतायत. मी त्यांना याच औषधाचे धडे देतो, आणि सुई बघूनच माझी पाचावर धारण! काय तोंड दाखवणार? म्हटलं, मला अ‍ॅलर्जी आहे. ते एकदा तोंडातून गेलं, मग परत कसं घेणार?” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आणि पुढे परीक्षेला तू आलीस. इतर सगळ्यांनी औषध बदललं. तू एकटीने माझ्याकडे बघून विचारलंस, नेमकं काय झालं होतं तुम्हाला. मला वाटलं, हिला कळलंय.”

 “म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं?”

“होतं.”

“बरोबर होतं आणि तुम्ही मला नापास केलंत?”

“हो.”

“अहो, मी रडले होते! सगळी सुट्टी घरात कोंडून घेऊन घोकंपट्टी केली! माझ्या आईने मला ज्योतिष्याला दाखवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं!” मी चिडले. भयंकर चिडले. इतकी वर्षं मी स्वतःला त्या एका उत्तराबद्दल कमअक्कल समजत आले होते, आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मला भीती वाटते गं. सुईची. अजूनही तेवढीच.”

आता या वयाचा माणूस, गाल सुजलेला, मांडीवर प्लॅस्टिकचा जबडा, आणि असं म्हणतो. राग होता तसाच राहिला. पण हात आपोआप हातमोज्यांकडे गेला.

“त्या दिवशी तोंडावर पाणी मी मारलं होतं,” बेसिनपाशी उभ्या असलेल्या आई म्हणाल्या.

बाबांनी मान वळवली. “तू तर बाहेर बसली होतीस.”

“त्या दात काढणाऱ्यानेच हाक मारली मला. म्हणाला, वहिनी, घाबरू नका, सुई अजून ट्रेमध्येच आहे.”

“म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?” आई म्हणाल्या आणि त्यांनी फडकं एकदाचं पिळून दांडीवर टाकलं.

मी विचारलं, “देऊ का, बाबा?” त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. मग सूचना सुरू झाल्या. आधी मला आडवं कर, पाय वर घे. आडवा माणूस चक्कर येऊन पडणार कुठे? माझं वय बघ, औषध बेतानेच घे. सुई मला दाखवू नकोस. टोचल्यावर आधी मागे ओढून बघ, रक्त येतंय का. सावकाश सोड. फार सावकाश. मी हो हो म्हणत त्यांना आडवं केलं, आतल्या बाजूला बधिर करणारी जेल लावली, औषधाची कुपी तळहातात धरून कोमट केली. आईंनी येऊन त्यांचा हात धरला.

“आ करा. मोठा. आता बोलायचं नाही.”

त्यांचे खांदे कानापर्यंत वर आले होते. इतक्या ताठ माणसाला कोण टोचणार? मी आईंकडे बघितलं आणि म्हटलं, “आई, एक गंमत सांगू? कोकेन आणि हे आपलं लिग्नोकेन, दोन्ही रसायनं एकाच घराण्यातली.”

“आं!” खुर्चीतून आवाज आला.

“हो का?” आई म्हणाल्या. “आणि नंतर ते शरीरातून जातं कुठे गं? यकृतात ना?”

“छे, यकृताचा काय संबंध! हळूहळू पायात उतरतं आणि तिथेच विरतं.”

“आं! आं! आं!” बाबांचे डोळे सताड उघडे, तर्जनी हवेत, पाय थडाथड आपटतायत. “आंही! आंही!”

“काय म्हणताय? जबडा हलवू नका बरं. आणि आई, अ‍ॅड्रेनलिन घालतात ते नुसतं रंगासाठी.”

तर्जनी थेट माझ्या नाकावर रोखली गेली. आईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडात कोंबला. मी सुई मागे घेतली, टोपण लावलं आणि ट्रेच्या कपड्याखाली सारली.

“घराणी वेगळी आहेत!” बाबा उसळले. “कोकेनचं एस्टर, याचं अमाइड! यकृतातच जातं! आणि अ‍ॅड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून औषध जागेवर टिकतं! रंगासाठी? रंगासाठी म्हणे! तुला मी पुन्हा नापास करीन! दे ते इंजेक्शन एकदाचं, आणि मग बघतो तुझ्याकडे!”

“दिलं, बाबा.”

“काय दिलं?”

“इंजेक्शन.”

 बाबांनी जिभेने आत चाचपून बघितलं. थोड्या वेळाने हनुवटीला हात लावला, जरा दाबली, बाजूला ओढली. दुसऱ्याच कोणाची तरी असल्यासारखी हाताळत होते. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. “अरेच्चा!” ते म्हणाले. “मुंग्या येतायत. ठणका गेला. गेलाच की! बोट लावलेलं कळतंय थोडं... आधी दुखणं जातं, स्पर्श मागाहून... अगं, अगदी शिकवतो तसंच होतं हे!”

“तसंच होतं, बाबा.”

“हे असं होतं होय!” पुन्हा पुन्हा तेच. आयुष्यभर नकाशावर दाखवलेलं गाव त्यांनी पहिल्यांदा बघितलं होतं. दाढ हलवताना थांबवून थांबवून सांगत होते, “दाब कळतोय, पण दुखत नाहीये! दाब राहतोच! बरोबर!” शेवटी मला म्हणावं लागलं, की सर, वर्ग सुटला, तोंड उघडा. दाढ निघाली. तोंडात कापसाचा बोळा देऊन मी बोलायला मनाई केली आणि सुन्न सर पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून गप्प बसले.

सोमवारी हॉस्पिटलाऐवजी बाबा नेहमीसारखे बाकावर पेपर घेऊन बसले होते. कोपऱ्यावरचा कुलूपवाला आला, माणूस अंगाने दारात मावेना एवढा. दाढ धरून खुर्चीत बसला आणि मला काही बोलू न देता म्हणाला, “डॉक्टर, इंजेक्शन नाही हं. मला त्याची अ‍ॅलर्जी आहे.”

“नेमकं काय झालं होतं तुम्हाला?” मी विचारलं.

त्याने खिडकीकडे बघितलं. “ते... आता नीट आठवत नाही.”

पेपर खाली आला.  आता हे काय बोलतात?

“सांगा तिला, लाजू नका,” बाबा म्हणाले. “मी या औषधाचा प्राध्यापक. मला तर सुई लागलीसुद्धा नव्हती. नुसती बघूनच आडवा झालो आणि जन्मभर अ‍ॅलर्जी म्हणून सांगत फिरलो.”

कुलूपवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. मग कानाची पाळी चोळत म्हणाला, “तसं... माझंही थोडंफार तेच.”

“मग झालं तर. आणि तिच्या हाताला घाबरू नका. ती बरोबर प्रश्न विचारते.” बाबांनी पेपर पुन्हा उचलला आणि त्याच्या मागून म्हणाले, “तिने मलाही विचारला होता. मी तिला नापास केलं. चूक माझी होती.”

तोंडावर मास्क होता म्हणून बरं. मी कुपी तळहातात घेतली आणि ती कोमट व्हायची वाट बघत उभी राहिले.